सुपातलं बी

गोठ्याच्या पत्र्याची सावली अंगणाच्या मध्यापर्यंत आली की महानंदा बियांची गाडगी बाहेर काढी. मे महिन्याचा दुसरा आठवडा होता. होटगी स्टेशनच्या दक्षिणेला सात किलोमीटरवर एक्केचाळीस घरांची ही वस्ती. तिच्यात भाजीचं घरचं बी राखणारी बाई आता एकच उरली होती, ती महानंदा.

तिची पद्धत ठरलेली होती. दोडका, गवार, भेंडी, घेवडा यांचं बी चाळलेल्या राखेत मिसळायचं, गाडग्यात भरायचं आणि तोंड शेणामातीनं लिंपायचं. भोपळ्याचं बी ओल्या गोवरीत थापून भिंतीला चिकटवायचं. आणि प्रत्येक बियाचे दोन वाटे करायचे. एक यंदाचा, एक पलंगाखालचा. "सगळं बी एका पावसाच्या हवाली करू नये," असं तिच्या आईनं तिला शिकवलं होतं. सोळा वर्षांपूर्वी माढ्याहून लग्न होऊन आली तेव्हा पदराला बांधून आणलेल्या वाणांपासून तिनं हे सगळं वाढवलं होतं.

सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा धनाजी विहिरीवर मोटार सुरू करताना विजेचा धक्का बसून गेला. त्यानंतर घरात एक नियम आला. महानंदानं शेंगा तोडाव्यात, सोलाव्यात, वाळवाव्यात, राखेत भरून ठेवाव्यात. पण मातीत बी तिनं टाकायचं नाही. ते काम सासू मथुराबाईचं, आणि गेल्या चौदा महिन्यांपासून धाकटी जाऊ संस्कृतीचं. कुणी बी मागायला आलं तरी तिनं ते कुणाच्या हातावर ठेवायचं नाही. सुपात टाकायचं, सूप जमिनीवर ठेवायचं, मागं सरायचं. मग समोरच्या सवाशिणीनं ते उचलायचं. पांढऱ्या कपाळाच्या बाईच्या हातचं बी उगवत नाही, असं वस्तीत सगळेच म्हणत. त्याच बियाच्या भाज्या सगळेच खात.

सीमेवर युद्ध पेटून दीड महिना झाला होता. डिझेल मोजून मिळत होतं. सोलापूरच्या बाजारातून येणारा भाजीचा टेम्पो आधी दिवसाआड झाला, मग बंद पडला. खताची पोती आली नाहीत आणि बियाण्याची पाकिटंही. ग्रामपंचायतीनं ठराव केला, की मिरगाच्या आधी प्रत्येक घरानं परसात भाजी लावावी. ठराव सोपा होता. बी कुठून आणायचं, ते त्यात लिहिलं नव्हतं. सगळ्या वस्तीला ते माहीत होतं.

पहिली आली पलीकडच्या बौद्धवस्तीतली पारूबाई. तिचा नवरा रेल्वेत गँगमन होता आणि तिचा आवाज रुळापलीकडून ऐकू येई.

"महानंदा, ए महानंदा! गवार दे गं बाई मूठभर. डाळीनं आता घरातली माणसं पिवळी पडाय लागल्याती."

महानंदानं गवारीचं आणि दोडक्याचं बी सुपात टाकलं, सूप खाली ठेवलं आणि सवयीनं दोन पावलं मागं सरली.

पारूबाईनं सुपाकडं पाहिलं. "हे काय? मी काय कोंबडी हाय व्हय, खालचं टिपून खायाला?"

"आमच्यात तसंच देत्यात, पारूबाई."

"तुमच्यात देत असतील. आमच्यात हातातच घेत्यात." तिनं दोन्ही तळवे पुढं केले. "घाल हितं."

महानंदानं स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. दारात कुणी नव्हतं. तिनं वाकून बी उचललं आणि पारूबाईच्या ओंजळीत घातलं. सहा वर्षांत पहिल्यांदाच तिच्या बोटांना दुसऱ्या बाईचा तळहात लागला. तो खरखरीत आणि गरम होता.

चार दिवसांनी शेजारची मायाक्का आली. तिचा वस्तीत शब्द चाले. हळदीकुंकू असो की बारसं, कोणी पुढं बसायचं आणि कोणी मागं, हे ती ठरवी. तिनं अंगणात बसकण मारली आणि महानंदा ऐकेल अशा बेतानं मथुराबाईशी बोलायला सुरुवात केली.

"मथुरे, येरवी दोन घरं बी नेत हुती, तवा चालून गेलं. आता अख्खी वस्ती हिच्या हातचं लावणार. गावाची तीन पोरं तितं लढाईवर हायती. त्यात तुजा दिग्विजय. उद्या काय इपरीत झालं म्हंजे?"

मथुराबाईचा चेहरा उतरला. तिचा धाकटा मुलगा दिग्विजय सैन्यात नायक होता आणि आघाडीवर होता. कोंडीबा, तिचा नवरा, टीव्हीवर बातम्या लागल्या की आवाज बंद करून नुसती चित्रं पाहत बसे. ती तेवढंही पाहू शकत नसे. युद्ध सुरू झाल्यापासून तिनं दर गुरुवारी उपास धरला होता, आणि सकाळी उठल्याबरोबर महानंदाचं तोंड दिसू नये म्हणून तिला गोठ्याशेजारच्या खोलीत निजायला लावलं होतं. मुलाला वाचवायला तिच्या हातात दुसरं काहीच नव्हतं.

"मग काय करू म्हंतीस?"

"शुद्ध करून घ्यायचं. गोमूत्र, हळदीचं पाणी. रातभर भिजू दे. सकाळी सवाशिणीच्या हातानं उनात वाळवायचं. म्हंजे हिचा हात निगाला."

महानंदा आतून बाहेर आली. सहसा ती अशा बोलण्यात पडत नसे.

"आत्या, पाण्यात नका घालू. भिजलेलं बी जागं हुतंय. आन् घातलंच तर उनात नका वाळवू, सावलीला वाळवा. न्हायतर मरंल ते."

"मरंल म्हनं!" मायाक्का हसली. "आगं, देवाचं पाणी ते. त्यानं कुटं बी मरतंय व्हय?"

"तू बोलू नगंस," मथुराबाई म्हणाली. तिचा आवाज चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. "माजं लेकरू तितं हाय. तुला काय हाय गमवायला?"

महानंदा आत गेली. यंदाचा वाटा तिनं बाहेर आणून ठेवला. पलंगाखालचा वाटा कुणी मागितला नाही आणि तिनं सांगितला नाही.

बी रात्रभर हळदीच्या पाण्यात राहिलं. सकाळी ते फुगलेलं होतं. संस्कृती शिडीवरून गोठ्याच्या पत्र्यावर चढली आणि सासूनं खालून दिलेल्या टोपल्यांतलं बी पातळ पसरून आली. दुपारी दोनला ते हलवायला पुन्हा शिडी चढली, तेव्हा तोल सावरताना तिचा उजवा हात पत्र्यावर टेकला. तिनं ओरडून हात मागं घेतला. तळहातावर रुपयाएवढा फोड आला होता.

त्या दिवशी सोलापुरात त्रेचाळीस अंश तापमान होतं. तशा दुपारी उघडा पत्रा पासष्टच्या पुढं जातो. कोरडं बी बरीच उष्णता सोसतं, कारण ते झोपलेलं असतं. भिजलेल्या बियाच्या आत अंकुर हालायला लागलेला असतो आणि तो अशा तापात तासाभरात शिजतो. बाहेरून काहीच दिसत नाही. बी पुन्हा वाळतं, टणक होतं, तेच वजन, तोच आकार. फक्त रंग थोडा पिवळा. मथुराबाईला तो पिवळा रंग शुभ वाटला.

चाळीस घरांनी ते बी नेलं. मथुराबाईनं स्वतःच्या हातानं वाटलं, प्रत्येकीला कुंकू लावून.

मिरगाच्या दुसऱ्या दिवशी चाळीस परसांत वाफे झाले आणि बी पडलं. दोनदा चांगला पाऊस झाला. पाच दिवस झाले, आठ झाले. वाफ्यांत हरळी उगवली, गाजरगवत उगवलं. जे लावलं होतं, त्यातलं काहीच वर आलं नाही.

नवव्या दिवशी सकाळी दिग्विजयचा फोन आला. आठवड्यातून एकदा, मिनिटभर बोलता येई. मथुराबाईनं स्पीकर लावला.

"आई, बरा हाय मी. जेवताव वेळंवर. दोडका आला का गं वर? वहिनीकडं दे फोन. मांडव उंच करायला सांगतो तिला, गेल्या साली डोकं लागत हुतं."

महानंदा दाराआड उभी होती. ती एक पाऊल पुढं आली. मथुराबाईनं फोन छातीशी धरला. सकाळची वेळ होती, मुलगा आघाडीवर होता आणि त्या बाईचा आवाज त्याच्या कानात जाणार होता.

"ती न्हाय हितं," मथुराबाई म्हणाली. "रानात गेलीया."

"बरं. संस्कृतीला दे मग." आणि फोन कटला.

बाराव्या दिवशी मायाक्का आणि आणखी चार-पाच बायका अंगणात आल्या.

"चाळीस घरांत एक कोंब न्हाय, मथुरे. शुद्ध करूनबी न्हाय. केवडा वाईट हात म्हनायचा हा!"

"पारूबाईचं आलंय की," संस्कृती म्हणाली. "मी सकाळी बघितलं. गवार गुडघ्याला लागलीया, दोडक्यानं तर काठी धरलीया."

"त्यांचं येगळं असतंय," मायाक्का म्हणाली. "त्यास्नी इटाळ लागत न्हाय."

कुणी हसलं नाही. कुणाला त्यात चूक काय, हेही सुचलं नाही. संस्कृती मात्र आपल्या तळहाताकडं पाहत राहिली. फोड फुटून तिथं गुलाबी कातडी आली होती. बारावीला तिनं विज्ञान घेतलं होतं. बी, ओलावा, तापमान असा एक धडा होता. पाच गुणांना यायचा.

संध्याकाळी मथुराबाईनं महानंदाला सांगितलं, "उद्या सकाळच्या गाडीनं माढ्याला जा भावाकडं. दिग्विजय घरला येस्तोवर हिकडं येऊ नगंस."

कोंडीबा ओट्यावर बसला होता. त्यानं मान वर केली नाही. सुनेला हाकलू नये हे त्याला कळत होतं. मुलगा घरी यावा एवढंच त्याला हवं होतं, आणि दोन्हींचा काही संबंध नाही असं म्हणायचं धाडस त्याच्याजवळ नव्हतं.

सकाळी पिशवी भरून झाल्यावर महानंदानं पलंगाखालची गाडगी बाहेर ओढली. संस्कृतीला बोलावलं आणि सूप जमिनीवर ठेवलं.

"निम्मं बी हाय ह्यात. पाण्यात न घातलेलं. सांबाळ. पुढल्या वर्साला गावात दुसरं बी न्हाय."

"अक्का, हातात द्या की."

"नगं. तुजा नवरा तितं हाय." एवढं बोलून महानंदा मागं सरली. पारूबाईच्या ओंजळीत बी घालणारी तीच बाई होती. पण सहा वर्षं रोज ऐकलेली गोष्ट माणूस थोडीथोडी खरी मानू लागतं, आणि घरातल्या पोराच्या जिवावर ती तपासून पाहायची तिची तयारी नव्हती.

ती गेल्यावर संस्कृतीनं गोणपाटाचे दोन तुकडे ओले केले. एकावर गाडग्यातले गवारीचे वीस दाणे मांडले. दुसऱ्यावर हळदीतले उरलेले वीस. दोन्ही गुंडाळले, स्वयंपाकघरात रांजणाच्या सावलीला ठेवले आणि सकाळ-संध्याकाळ त्यांवर पाणी शिंपडत राहिली. कुणाला सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी कोंडीबाचा फोन वाजला. पलीकडचा माणूस मोठ्या अदबीनं हिंदीत बोलत होता. कोंडीबा "जी, जी" म्हणत राहिला. मग त्यानं फोन ओट्यावर ठेवला आणि तो धोतराच्या सोग्यानं पुसू लागला, पुन्हा पुन्हा, जणू त्याला काहीतरी लागलं होतं.

दिग्विजय गेला होता. तोफेचा गोळा पडला तेव्हा तो पाण्याचा टँकर उतरवून घेत होता.

माढ्याला निरोप गेला. महानंदा दुसऱ्या दिवशी आली आणि दाराबाहेर उभी राहिली. आत ये असं कुणी म्हटलं नाही. जा असंही म्हणायला कुणी उरलं नव्हतं. मग ती गोठ्याकडं गेली आणि उपाशी म्हशींना तिनं वैरण घातली.

सहाव्या दिवशी तिरंग्यात गुंडाळलेली पेटी आली. साहेब लोक आले, बंदुकींची सलामी झाली. गावानं घोषणा दिल्या. पुरुष माळावरून परतण्याआधी घरात बायकांचं काम सुरू झालं. माजघरात पाटा मांडला होता. मायाक्कानं वरवंटा हातात घेतला होता. भिंतीला टेकून मथुराबाई पडून होती, डोळे उघडे, कोरडे.

"हात पुडं कर, बाई," मायाक्का म्हणाली. तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "रीत हाय. आमी सगळ्यांनी बगितलीया. करावीच लागती."

संस्कृतीनं दाराकडं पाहिलं. महानंदा उंबऱ्याबाहेर उभी होती. अशा वेळीही तिनं आत यायचं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी याच पाट्यावर तिच्या बांगड्या फुटल्या होत्या.

"थांबा," संस्कृती म्हणाली. ती उठली, रांजणामागून दोन्ही गुंडाळ्या घेऊन आली आणि पाट्यावरच उलगडल्या.

पहिल्या गोणपाटावर वीस दाण्यांपैकी सतरा दाण्यांना पांढरे मोड आले होते. दुसऱ्यावरचे वीसच्या वीस मऊ, काळपट पडले होते. त्यांना कुजकट वास येत होता.

"हे अक्कांच्या हातचं. पाण्यात न घातलेलं," संस्कृती म्हणाली. तिचा आवाज रडून बसला होता, म्हणून ती हळू बोलत होती आणि सगळ्यांना कान द्यावा लागत होता. "हे तुमी शुद्ध केलेलं. पारूबाईनं शुद्ध करायच्या आदी नेलं, तिचं उगवलं. हे मी पत्र्यावर टाकलं. हा बगा माझा हात. माझा हात भाजला तितं बी न्हाय भाजणार? त्या दिवशी माझ्या हातात हिरवा चुडा हुता, मायाक्का. कपाळाला कुकू हुतं. बी मारणारा हात सवाशिणीचा हुता. माझा हुता."

"आगं, पर रीत..."

"अक्कांनी सांगितलं हुतं, मरंल म्हणून. त्यांचं कुणी ऐकलं न्हाय. मी बी न्हाय ऐकलं. उद्यापास्नं माझंबी कुणी ऐकणार न्हाय, त्यासाटीच ह्या फोडायच्या ना? मी न्हाय फोडू देणार."

मथुराबाई भिंत धरून उठली. पाट्याजवळ आली, काळपट दाण्यांतला एक उचलला आणि बोटांत दाबला. तो चिखलासारखा चिरडला.

"ह्ये हळदीतलं?"

"व्हय, आत्या."

"मीच भिजवलं हुतं." तिनं बोटं पदराला पुसली. "त्यानं फोनवर मागितली हुती तिला. मी दिली न्हाय." कुणाशी बोलत होती, कळत नव्हतं. मग मान न उचलता ती म्हणाली, "मायाक्का, पाटा उचल."

"मथुरे, लोकं काय म्हंतील?"

"उचल म्हंते न्हवं."

यानं काही परत आलं नाही. दिग्विजय आला नाही, गेलेला हंगामही नाही. मथुराबाईनं महानंदाची माफी मागितली नाही. तिच्या वयाच्या बायकांना ते शब्द कुणी शिकवलेलेच नसतात. मात्र आठ दिवसांनी बी द्यायचं सूप खुंटीवरून निघालं आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर झाकण म्हणून बसलं. महानंदाचं अंथरूण माजघरात आलं. जुलैच्या पहिल्या आठवड्यात घराच्या परसात दोघी जावांनी मिळून पलंगाखालच्या वाट्यातलं बी लावलं. महानंदानं सहा वर्षांनी मातीत बोट घातलं. दोडक्याचा मांडव तिनं हातभर उंच केला.

मग वस्तीत निरोप गेला. बी हवं असेल त्यांनी यावं, अजून वेळ आहे. अट एकच. बी महानंदा देईल, आणि घेणारीनं ते हातात घ्यायचं.

पारूबाई पहिली आली. तिच्याकडं भाजी होती, बी नको होतं. ती गवारीची पाटी घेऊन आली होती. "न्या गं, तुमचंच हाय," म्हणाली आणि बी घ्यायला येणाऱ्यांकडं पाहत ओट्यावर बसून राहिली.

चाळीस घरांपैकी सतरा घरांच्या बायका आल्या. कुणी पदर पुढं केला, तर महानंदा नुसती थांबली. मग पदर मागं गेला आणि हात पुढं आला. तेवीस घरं आली नाहीत. युद्ध चालूच होतं, भाजीचा टेम्पो बंदच होता. त्या घरांत मीठ-मिरचीशी भाकरी खाल्ली जात होती.

ऑगस्टमध्ये अंगणवाडीत मुलांची वजनं झाली. सहा मुलांचं वजन जूनपेक्षा कमी भरलं. त्यातली एक मायाक्काची नात होती, तीन वर्षांची. तिच्या पायांवर सूज आली होती.

दुसऱ्या दिवशी मायाक्का अंगणात आली. काखेत स्वतःच्या घरचं सूप होतं. तिनं ते जमिनीवर ठेवलं.

"घाल बाई थोडं. भेंडीचं दे. पोरगीसाटी."

महानंदानं गाडगं उघडलं, मूठ भरून घेतली आणि हात पुढं केला. सुपावर नाही, मायाक्कापुढं.

"हात करा, मायाक्का."

मायाक्कानं त्या मुठीकडं पाहिलं. हात कमरेपर्यंत वर आला आणि तिथंच थांबला. मग तिनं वाकून रिकामं सूप उचललं आणि ती निघून गेली.

संस्कृती गवारीच्या वाफ्यातून सगळं पाहत होती. ती मागोमाग धावली नाही. तासाभरानं तिनं कोवळी भेंडी खुडली, मायाक्काच्या सुनेला रस्त्यात गाठून तिच्या हातावर ठेवली आणि म्हणाली, "आज शिजवून घाल पोरीला. उद्या तू ये. सासूला न्हाय जमलं, तर तू ये."

सुनेनं भेंडी घेतली, पण ती पदराखाली झाकली.

संस्कृती परत आली तेव्हा महानंदा गाडग्याचं तोंड शेणामातीनं लिंपत होती.

"तेवीस घरांचं बी उरलं की अक्का. ह्याचं काय?"

"राहतंय. राखंत दोन वर्सं टिकतंय बी." महानंदानं ओल्या बोटानं काठ सारखा केला. "पोरांचं मातर तसं न्हाय."